लेशमात्र

छत्तीस वर्षं सोनेगावच्या वेधशाळेत
सकाळी साडेआठला पांढऱ्या पेटीचं दार उघडून
पारा वाचला मी.
वाचायचा, लिहायचा, दार लावायचं.
का तापलं हे निरीक्षकानं विचारायचं नसतं.

आता दर बारा आठवड्यांनी माझंच दार उघडतात
मेडिकल चौकातल्या चौथ्या मजल्यावर.
आफरीन नावाची मुलगी, काखेत फाइल :
“परातेकाका, डावा हात की उजवा?”
एक नळी रक्त. संध्याकाळी मोबाइलवर आकडा.
पहिल्यांदा चौऱ्याऐंशी होता,
मग सहा, मग पॉइंट चार,
तेव्हा इंदूनं गल्लीत पेढे वाटले.
कशाचे विचारलं तर म्हणाली, नातू पास झाला.
नातू बालवाडीत होता.

पोटात सुई टोचतात, तीन महिन्यांची एक.
नळाची चावी बंद करावी तसं आत काहीतरी बंद होतं
आणि ऐन डिसेंबरात, गोरेवाड्याकडून बोचरं वारं सुटलेलं असताना,
मला मे महिना लागतो.
मानेतून वर, कानांपर्यंत, भर रजईत.
इंदू उठून बसते,
गॅलरीतल्या गोणपाटानं झाकलेल्या कूलरकडे बघते,
“लावू का जी?”
चार मिनिटं टिकतो. मोजलाय.
दोन दहा, तीन पन्नास, पाच पाच.
वहीत लिहून ठेवतो. सवय.

सुई सगळ्यांनाच. वरून एका गटाला नवं औषध,
दुसऱ्याला औषधासारखं दिसणारं काहीतरी.
कोणाला काय, ते डॉक्टर खोब्रागडेंनाही ठाऊक नाही.
संगणकानं नाणं उडवलं आणि खिशात घातलं.
गोळ्या चार, उपाशीपोटी, पुढे तासभर नुसतं पाणी.
खडू असला तरी उपाशीपोटीच.
बाकावर तुमसरचे पटले माझ्याकडे निरखून म्हणतात,
“मले त वाटते बाप्पा, खरी गोळी तुमालेच भेटून राहिली,
तोंड पाहा तुमचं कसं उतरलं.”
भुकेनं, मी म्हणतो.

मग प्रश्नावली.
वेदना, शून्य ते दहा. थकवा, शून्य ते दहा.
गेल्या चार आठवड्यांत शरीरसुखाची इच्छा किती,
हे आफरीन खिडकीबाहेर बघत वाचते.
“ढगाळ लिही,” मी म्हणतो.
ती हसत नाही. मग हसते.

दिवाळीनंतर आकडा वळला. पॉइंट नऊ. मग एक पूर्णांक सात.
डॉक्टर म्हणाले, आकड्याचं नाही एवढं,
दुप्पट व्हायला किती दिवस घेतो ते बघतो आम्ही.
मला हे कोणी सांगायला नको होतं.
वादळ वायुभारात नसतं,
तो किती वेगानं उतरतो, त्यात असतं.

नव्या स्कॅनला नेलं. शिरेतून काहीतरी सोडलं, हलू नका म्हणाले.
पडद्यावर मी, काळपट, आणि माझ्यात दिवे :
कमरेचा तिसरा मणका, डावीकडची एक बरगडी.
मूत्रपिंडं तर पेटलेलीच.
आणि डोळ्यांच्या वर, बाहेरच्या कोपऱ्यांत
दोन बारीक ठिपके.
“हेही?”
“नाही, त्या अश्रूंच्या ग्रंथी.
त्या सगळ्यांच्याच उजळतात. मोजायच्या नसतात.”
इंदू बराच वेळ तिथंच बघत राहिली.

जुन्या स्कॅनमध्ये मणका-बरगडी दिसलीच नसती म्हणे.
आणि अभ्यासाचे नियम जुन्या स्कॅनवरचे.
म्हणजे नियमानं अजून काही वाढलेलं नाही.
गोळ्या चालू.

पाऊस मोजपात्राच्या तळाशीही साचला नाही
तर आम्ही शून्य लिहीत नसू.
लेशमात्र, असं लिहायचो.
शून्य म्हणजे पडला नाही.
लेशमात्र म्हणजे पडला,
मी तिथं उभा होतो,
मनगटावर दोन थेंब घेतले,
मोजता आला नाही.

ओट्यापाशी इंदू. पोह्यांवर तर्री ओतून तयार.
“झाला का तास?”
घड्याळ बघतो.
अजून सोळा मिनिटं.